कळ पायात, दुखणं कमरेत : दबलेली नस ओळखावी कशी?



कारखान्यांचे बॉयलर पेटले की माळशिरस तालुक्यात उसाचे फड उघडतात. माळीनगरची दि सासवड माळी शुगर फॅक्टरी १९३२ साली स्थापन झाली. तेव्हापासून नव्वदाहून अधिक वर्षे या भागातला माणूस दर हंगामात वाकतो आहे, मोळी डोक्यावर घेतो आहे, फळीवरून ट्रकवर चढतो आहे. जोडीला खताची गोणी, पाठीवरचा पंप, डाळिंबाचे क्रेट आणि खुरपणीची बैठक आहेच. या कामांनी अंग दुखायचंच, हे आपण धरून चालतो. संध्याकाळी दुखलं, सकाळी मोकळं झालं, एवढ्यासाठी कुणी दवाखाना गाठत नाही. गाठायची गरजही नसते.

पण एक दुखणं असं आहे की ते बोलतं एका जागी आणि बसलेलं असतं दुसऱ्याच जागी. पोटरीत कळ येते, माणूस पोटरी चोळत बसतो, आणि बिघाड असतो कमरेत. अंगठा बधिर होतो आणि अडकलेलं असतं मानेत. याला आपण नस दबणे म्हणतो. ती ओळखायची कशी आणि कोणत्या खुणेला थांबायचं नाही, एवढं या पत्रकात सांगायचं आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे शीर आणि नस हे शब्द सरमिसळ वापरतात. पोटरीवर निळ्या-हिरव्या गाठी दिसतात, त्या रक्ताच्या शिरा. त्या फुगतात, दुखतात, पण तो आजार निराळा. इथे आपण बोलतो आहोत ते मज्जातंतूविषयी. मेंदूचा निरोप हातापायांना नेणारा आणि हातापायांची खबर मेंदूला आणणारा हा धागा. तो वरून दिसत नाही. पाठीच्या कण्यातून अशा नसांच्या ३१ जोड्या दोन्ही बाजूंना निघतात. वरच्या हातांकडे जातात, खालच्या पायांकडे.

डाळिंबाच्या बागेत ठिबकची लॅटरल पुढेच दुमडली तर शेवटची झाडं सुकतात. तिथे तुम्ही सुकलेल्या झाडाची आळी खणत बसत नाही, नळीवर हात फिरवत मागे येता. नसेचंही तसंच. जिथे मुंग्या येतात तिथून मागे यायचं.

कमरेची नस

कमरेत पाच मणके आहेत. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, बाहेरून चिवट आणि आतून मऊ. वाकून वजन उचलताना गादीवर पुढून दाब येतो आणि आतला मऊ भाग मागच्या बाजूला सरकू पाहतो. मागे तर नसा. बाहेरचा पापुद्रा फाटला की आतला गर नसेला जाऊन टेकतो. बोलीत आपण ‘गादी सरकली’ म्हणतो, पण गादी जागच्या जागीच असते, फक्त फुगते किंवा फुटते. पायात उतरणारी ही कळ वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. आयुर्वेदात तिला गृध्रसी म्हणतात, डॉक्टर सायटिका म्हणतात. मात्र फुटलेल्या गादीने ही कळ येते, हे अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली शस्त्रक्रियेचे दाखले देऊन मांडलं, आणि मग ते सगळीकडे मान्य झालं.

वाकण्याने केवढा फरक पडतो? स्वीडनमध्ये नॅकमसन नावाच्या डॉक्टरांनी जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून दाब मोजला होता. ताठ उभं असताना दाब १०० धरला, तर उताणं झोपल्यावर तो २५ वर येतो आणि वाकून हातात वजन घेतलं की २२० वर जातो. फडात सकाळपासून दुपारपर्यंत आपण याच तिसऱ्या आकड्यात वावरत असतो.

आता दुखण्याचा रस्ता बघा. नुसती कंबर धरली, उसण भरली, वळता येईना, पण कळ कमरेतच आहे किंवा फार तर मांडीपर्यंत, तर बहुतेक वेळा स्नायू आखडलेला असतो. कळ कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून गुडघ्याच्या खाली उतरली, विजेसारखी चमकली, खोकल्याने-शिंकेने किंवा शौचाला कुंथल्याने वाढली, सोबत मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर नस दबली असा संशय धरावा. सहसा एकच पाय धरतो. पुष्कळदा कंबर थोडी हलकी वाटते आणि पाय जास्त दुखतो, म्हणून माणूस कमरेचं नाव घेत नाही.

कळ कोणत्या बाजूने उतरते, त्यावरून कोणती नस ते बरंच कळतं. पोटरीच्या बाहेरच्या अंगाने येऊन पावलाच्या पाठीवर आणि अंगठ्यात गेली, तर कमरेतली शेवटची, म्हणजे पाचवी नस. पोटरीच्या मागून टाचेत, तळव्याच्या बाहेरच्या कडेला आणि करंगळीत गेली, तर तिच्या खालची. या दोनच नसा सर्वांत जास्त दबतात. मांडीच्या पुढून नडगीच्या आतल्या बाजूला उतरली आणि पायरी उतरताना गुडघा लटपटला, तर चौथी. प्रत्येकाचं दुखणं इतकं रेघेवर चालतंच असं नाही, पण अंदाज येतो.

घरच्या घरी तीन गोष्टी करून बघता येतात. पहिली, टाचांवर दहा पावलं चाला, पंजे वर उचललेले. दुसरी, चवड्यांवर दहा पावलं चाला. भिंतीला हात लावला तरी चालेल. एक पाय टाचेवर उचललाच जात नसेल, किंवा चवड्यावर खाली बसत असेल, तर त्या नसेची ताकद कमी झाली आहे. तिसरी, उताणं झोपून गुडघा सरळ ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी टाच धरून पाय सावकाश उचलायला सांगा. मांडीच्या मागे ताण सगळ्यांनाच बसतो, त्याचं काही नाही. पण पाय निम्मा उचलायच्या आतच नेहमीची ती कळ गुडघ्याच्या खाली धावली, तर खूण जुळली. जोर लावू नये. कळ आली की पाय खाली ठेवावा.

म्हाताऱ्या माणसांत दबण्याची रीत वेगळी. वयाने मणक्यांतली वाटच अरुंद होते. बसलं की काही नाही, चालायला लागलं की दोन्ही पाय जड होतात, भरून येतात. जरा बसलं किंवा पुढे वाकून उभं राहिलं की मोकळे होतात. आषाढीच्या वाटेवर नातेपुत्याहून माळशिरसकडे येताना असा एखादा वारकरी तुम्ही पाहिला असेल. दोनशे पावलांवर बसतो, उठतो, पुन्हा बसतो, आणि हाच माणूस वाकून सायकल मात्र मैलोगणती चालवतो. नुसत्या थकव्याने असं होत नाही. विडी-तंबाखूने पायाचा रक्तपुरवठा कमी झाला तरी चालताना पोटऱ्या भरतात, पण ते दुखणं नुसतं उभं राहिल्यानेही थांबतं, त्याला वाकावं लागत नाही.

खुरपणीचा पाय

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण याचा कमरेशी संबंध नाही आणि उपचार मात्र पुष्कळदा कमरेवर चालतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली, हाडाचं एक टेंगूळ हाताला लागतं. त्या हाडावरून पावलाची नस अगदी कातड्याखालून जाते. तासन् तास उकिडवं बसून खुरपलं, भाजी काढली, रोपं लावली की ती मांडी-पोटरीच्या कैचीत चेपली जाते. विशेषतः हाडकुळ्या आणि नुकतंच वजन उतरलेल्या माणसात. संध्याकाळी उठल्यावर पाऊल वर उचलत नाही, चप्पल पायातून निसटते, पाय फरफटतो, पावलाची पाठ बधिर लागते. दुखत मात्र फारसं नाही, म्हणून बाई चार दिवस तशीच कामावर जाते. बसण्याची ती पद्धत सोडली तर ही नस बहुधा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत सुधारते. पण पाऊल का लोंबतं याचा निकाल घरी लावता येत नाही. डॉक्टरांना दाखवावंच. आणि खुरपताना पंधरा-वीस मिनिटांनी उठावं, बैठक बदलावी, जमेल तिथे बुडाखाली लहान पाट घ्यावा.

हात, मनगट आणि मान

रात्री दोन-तीन वाजता हात बधिर होऊन जाग येते, माणूस उठून हात झटकतो, मग बरं वाटतं. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन-अडीच बोटं भगभगतात, करंगळी चांगली असते. ही मनगटातली नस. मनगटात एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटांच्या नऊ दोऱ्या आणि ही एक नस जाते. कोयता, छाटणीची कात्री, धारा काढणं, मोटारसायकलची मूठ यांनी दोऱ्या सुजतात आणि जागा नसेची कमी होते. बायकांत हे जास्त, गरोदरपणात तर फार. मधुमेह किंवा थायरॉईड असलेल्यांनाही होतं. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून मनगटं वाकवून मिनिटभर धरा. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय बळावतो. अशा वेळी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपल्याने पुष्कळांना आराम पडतो. पण अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, हातातलं भांडं निसटू लागलं, तर पट्ट्यावर वेळ काढू नये.

करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर असेल तर कोपर तपासा. कोपर आपटल्यावर झिणझिणी येते ती हीच नस. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कोपर टेकून तासन् तास बसणाऱ्याला हे होतं.

मानेतून निघालेली कळ खांद्याच्या मागून दंडात, पुढे अंगठ्यात किंवा मधल्या बोटात जाते, आणि मान मागे किंवा त्या बाजूला वळवली की वाढते. हात डोक्यावर ठेवून बसलं की काहींना बरं वाटतं. मोळी, घमेलं, केळीचा घड डोक्यावर वाहणाऱ्यांनी इकडे लक्ष ठेवावं. सोळा लिटरचा पंप भरल्यावर वीस किलोच्या पुढे जातो. त्याचे पट्टे अरुंद असले तर खांद्यातल्या नसाही चेपतात, म्हणून पट्ट्याखाली जाड कापडाची घडी घ्या. मात्र दोन्ही हातांना सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला, पाय ताठरले, तर मानेत मुख्य दोरावरच दाब आलेला असू शकतो. हे हळूहळू वाढतं आणि वय झालं म्हणून सोडून दिलं जातं. सोडू नका.

डाव्या हातात कळ, छातीवर दाब आणि घाम, हे एकत्र आलं तर नसेचा विचारही करू नका. ते हृदयाचं असू शकतं. तडक दवाखाना.

पायाळू माणसाची लाथ

उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेला पाय लावून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. स्नायूची उसण बहुधा काही दिवसांत आपली आपण उतरते, आणि यश पायाळूच्या पदरात पडतं. हलका पाय लावला तर बिघडत नाही. पण कळ गुडघ्याखाली गेलेली असताना कमरेवर उभं राहणं, मान कडाकडा मोडणं, पाय ओढून नस बसवणं, हे करू देऊ नका. आधीच फुटलेल्या गादीवर जोर आला तर उरलेला गरही बाहेर येऊ शकतो. पायावर डाग देणं तर मुळीच नको. बधिर कातड्याला चटका कळत नाही, जखम खोल जाते, आणि नस होती तिथेच राहते.

या खुणांना थांबायचं नाही

पाठीचा मुख्य दोर कमरेच्या वरच्या भागातच संपतो. त्याच्या खाली नसांचा झुबका लोंबतो, घोड्याच्या शेपटीसारखा, आणि डॉक्टरी भाषेतलं त्याचं लॅटिन नावही तेच आहे. मोठी गादी फुटून हा सगळा झुबका दबला तर लघवी तुंबते किंवा नकळत होते, शौचाचा ताबा जातो, घोड्यावर बसताना खोगिराला टेकतो तेवढा भाग (जांघा आणि शौचाची जागा) बधिर होतो, दोन्ही पायांतली शक्ती जाते. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच निघायचं. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे. अकलूजचं उपजिल्हा रुग्णालय आहे, सोलापूरचं सिव्हिल आहे. फोनवर आणि दारात पहिलं वाक्य लघवीचं सांगा, कमरेचं नंतर. बायामाणसं हे सांगायला लाजतात, पुरुषही लाजतात, आणि लाजण्यात वेळ जातो. अशा वेळी मणक्याची शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत, जितकी लवकर तितकी बरी. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

पाऊल लोंबायला लागलं, हाताची पकड गेली, बधिरपणा रोज वर चढू लागला, तर दुसऱ्या दिवशी तरी डॉक्टरांसमोर उभं राहा. कळ नुसती असेल तर धीर धरता येतो. ताकद जाऊ लागली की धरता येत नाही. आणि एक फसवी गोष्ट : कळ एकाएकी थांबली पण पाय लुळा पडला, तर तो आराम समजू नये.

नस वाटते, पण नस नव्हे

दोन्ही तळवे एकदम मोज्यासारखे बधिर होत असतील तर आधी रक्तातली साखर तपासा. जीवनसत्त्व बी-१२ कमी पडलं तरी असंच होतं. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा, तिथे टोचलेलं कळत नाही, कोपराजवळची नस दोरीसारखी जाड लागते, तर तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि सहा महिने ते वर्षभरात तो पूर्ण बरा होतो. पाठ रात्री पडल्यावरही दुखते, संध्याकाळी कणकण, वजन उतरतंय, तर मणक्याचा क्षय तपासून घ्या. बगलेतून जांघेकडे येणारी कळ, उलटी, माणूस एका जागी पडू शकत नाही, हा बहुधा मूतखडा.

फवारणीनंतर अंगात लवलव, तोंडाला लाळ, घाम, डोळ्यांची बाहुली बारीक, ही विषबाधा. औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठा. फडात किंवा जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणत उठला आणि पापण्या जड, जीभ जड झाली, तर मण्यार चावल्याचा संशय घ्या. तिचा दंश दुखत नाही, खूणही दिसत नाही. आणि तोंड वाकडं, एका बाजूचा हात-पाय एकाएकी लुळा, म्हणजे अर्धांग. यातल्या कशालाही चोळत बसू नये.

घरी काय करावं

धोक्याच्या खुणा नसतील तर घाबरून जाऊ नका. हॉलंडमध्ये पायात कळ उतरलेल्या १८३ रुग्णांवर एक पाहणी झाली, ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना दोन आठवडे अंथरुणावर ठेवलं, अर्ध्यांना जमेल तसं हिंडू-फिरू दिलं. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे शंभरातले ८७ जण सुधारलेले होते. म्हणजे झोपून राहण्याने काही जास्त मिळालं नाही, आणि हंगाम बुडाला तो वेगळा. फुटलेल्या गादीचा गर शरीर पुष्कळदा आपणहून शोषून घेतं. तेव्हा कळ फार असेल तर एक-दोन दिवस पडावं, कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन. नंतर घरात, अंगणात थोडं थोडं चालावं. गरम पाण्याच्या पिशवीने शेकावं, पण बधिर जागेवर ती ठेवू नये. वाकणं, वजन उचलणं आणि खाचखळग्यांतून मोटारसायकल हे सहा आठवडे बंद.

दुखणं थांबवणारी गोळी डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, थोडे दिवस घ्यावी. दुकानातून आणून महिनोन् महिने खाल्ली तर पोटात जखम होते आणि मूत्रपिंड बिघडतं. उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्याचं लवकर. बिननावाच्या पुडीतल्या गोळ्यांत काय आहे ते देणाराही सांगत नाही, तेव्हा त्या नकोतच.

एमआरआयची घाई करू नये. साध्या एक्स-रेत गादी आणि नस दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसते, पण तिथेही सावध. १९९४ साली अमेरिकेत कधी कंबर न दुखलेल्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून जास्त लोकांत कुठे ना कुठे गादी फुगलेली निघाली. कागदावरची गादी आणि पायातली कळ जुळते की नाही हे अंगाला हात लावून तपासणारा डॉक्टरच ठरवतो. सहा आठवड्यांत उतार नाही, किंवा ताकद कमी होते आहे, तर एमआरआय आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आपलं काम बसतं का, हे रेशनकार्ड आणि आधार नेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

कामावर परतल्यावर उचलण्याची रीत बदला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली धडधाकट पुरुषासाठीही ५५ किलो ही वरची मर्यादा सांगितली आहे. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली, इतर खताची आणि सिमेंटची ५० ची येते. कागदावर ती मर्यादेत आहे, पण एकदा नस दबलेल्याने ती दोघांत उचलावी. गुडघे वाकवून, ओझं पोटाशी धरून, आणि उचलल्यावर कमरेत पीळ न देता पाय फिरवून वळावं. मोळी लहान बांधली तर दोन खेपा जास्त होतील. मुकादम कुरकुर करील. करू द्यावी.

डॉक्टरांकडे जाताना एक करा. जिथे बधिर लागतं त्या भागाची कड बॉलपेनने कातड्यावर आखून घ्या. कळ कुठून निघते, कुठे संपते, कशाने वाढते, केव्हापासून आहे, हे एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. पुढच्या खेपेला जुनी रेघ आणि नवी रेघ ताडून बघता येते, बधिरपणा सरकला की ओसरला ते डॉक्टरांना लगेच दिसतं.